धारण करणाऱ्यास पन्नास फेनिग

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे. किंमत पन्नास फेनिग, म्हणजे अर्धा मार्क. पण माझी कहाणी माझ्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते हेल्मस्बाख गावचे नगराध्यक्ष ओट्टोकार वेंडरिख यांच्या डोक्यातल्या एका बेरजेपासून. तेव्हा आधी ती बेरीज पाहू.

चोवीस हजार नोटा छापायच्या, प्रत्येकी अर्ध्या मार्काची. झाले बारा हजार मार्क. यातल्या निम्म्या नोटा तिजोरीकडे कधी परत येणारच नाहीत, असा साहेबांचा अंदाज होता. काही बर्लिन-लाइपझिगचे शौकीन लोक हौसेने वहीत लावून ठेवतील, काही खिशात विसरल्या जातील, काही उंदरांच्या पोटात जातील. जी नोट परत येत नाही तिचे पैसे कोणालाच द्यावे लागत नाहीत. म्हणजे सहा हजार मार्क निव्वळ नफा! त्यात चर्चच्या पेटीतले तीन हजार घातले की मनोऱ्यावर नवी काशाची घंटा चढणार, आणि घंटेच्या कडेने गोल फिरत जाणारी उठावाची अक्षरे असणार: "नगराध्यक्ष ओट्टोकार वेंडरिख यांच्या काळात."

नफा गावाचा, नाव साहेबांचे. साहेब वाईट होते असे समजू नका. गावाचा एक फेनिगसुद्धा त्यांनी स्वतःच्या खिशात घातला नसता. त्यांना फक्त दर तासाला वाजायचे होते.

आता माझ्या जन्माचे सांगते. मी कागदाची नाही, मी लिननची आहे, म्हणजे जवसाच्या काडीतून निघणाऱ्या धाग्याची. हेल्मस्बाखच्या उतारावर जून महिन्यात जवसाला फुले येत, तेव्हा सगळी टेकडी निळी होऊन जाई. दुपारपर्यंत ती फुले गळून पडत आणि सकाळी पुन्हा नवी उमलत. त्या निळाईतली मी. मला उपटले, ओढ्यात भिजत घातले, कुजवले, झोडपले, विंचरले. मग ओढ्याकाठच्या गिरणीत मी सूत झाले आणि सुताचे कापड झाले. कापड तरी कसले? विमानाच्या पंखांचे! लाकडी सांगाड्यावर ताणून बसवायचे, वाऱ्यालाही आरपार जाता येऊ नये इतके घट्ट. गिरणीतल्या बाया माझ्यावर तोंडाने फुंकर मारून बघत. फुंकर पलीकडे गेली तर तागा नापास. मी पास झाले. आपण ढगांत जाणार म्हणून माझा धागा न् धागा ताठ झाला होता.

पण महायुद्ध संपले. विमाने बांधायची नाहीत असा हुकूम आला, आणि माझे दोन तागे गिरणीच्या माळ्यावर पडून राहिले. ज्याच्यासाठी जन्म घेतला ते कामच जगातून उठून जावे, हे दुःख तुम्हांला कळणार नाही, मित्रांनो. कळू नयेच.

इकडे खाली गावात वेगळीच ओढाताण चालली होती. तांबे आणि निकेल युद्धाने कधीच खाऊन टाकले होते. मनोऱ्यावरची घंटासुद्धा दोर लावून उतरवली, फोडली आणि गाडीत घालून नेली. सुटी नाणी तर दिसेनाशीच झाली. बेकरीवाल्या श्ट्रोबेलबाईंच्या दुकानात रोज भांडण.

"बाई, माझे वीस फेनिग परत द्या."

"हे घ्या, दोन बटणं आणि एक कांदा."

"मी कांदा मागितला का?"

"मग उद्या पुन्हा पाव घ्या, परवा पुन्हा घ्या, चौथ्या दिवशी हिशेब बरोबर होईल. तोवर कांदा खा, तब्येतीला चांगला असतो."

अशा वेळी बरीच छोटी गावे आपापल्या नोटा छापू लागली होती. त्या नोटांना गावाच्या वेशीबाहेर किंमत नसे. वेशीच्या आत मात्र त्यांच्यावर पाव मिळे, दूध मिळे, दाढी होई. हेल्मस्बाखने कागद विकत घ्यायचे ठरवले तर कागद महाग. मग वेंडरिखसाहेबांना माळ्यावरचे दोन तागे आठवले. पंखांचे कापड! शौकीन लोक तर उड्या मारतील!

मुद्रक लोबेश यांनी मला कापले, खळ लावून कडक केले आणि यंत्राखाली घातले. एका बाजूला मनोरा, दुसऱ्या बाजूला जवसाचे फूल, खाली साहेबांची लफ्फेदार सही. मधोमध मजकूर यायचा होता. इतर गावांच्या नोटांवर "जो कोणी ही नोट आणून देईल त्यास" असे लांबलचक लिहिलेले असे. ते लोबेश यांच्या चौकटीत काही केल्या बसेना, कारण साहेबांची सहीच एवढी मोठी होती.

"सही जरा लहान करू का?" लोबेश यांनी विचारले.

"सही आहे तेवढीच राहील," साहेब म्हणाले. "तुमचे शब्द लहान करा."

म्हणून लोबेश यांनी एकच छोटा शब्द घातला. मी तो अजून पोटावर बाळगून आहे: "हेल्मस्बाखची तिजोरी हे धारण करणाऱ्यास पन्नास फेनिग देणे लागते." धारण करणारा, म्हणजे ज्याच्या हाती आहे तो. धारण करणारा, म्हणजे ज्याने अंगावर घातले आहे तोही. त्या दिवशी हा दुसरा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नाही. शाई वाळली आणि आम्ही बाहेर पडलो.

माझा पहिला व्यवहार मी जन्मभर विसरणार नाही. गिरणीतल्या एका कामगाराने मला श्ट्रोबेलबाईंच्या फळीवर ठेवले. मी धास्तावले. मी काय होते? हातभर नव्हे, वीतभरसुद्धा नसलेला कापडाचा तुकडा! त्या बाई मला नाक पुसायला घेतील, असेच मला वाटले. त्यांनी मला उजेडात धरले, बोटांनी चोळले आणि चक्क फुंकर मारून पाहिली. मग वळून अख्खा गरम पाव काढला आणि त्या माणसाच्या हातात दिला. पाव खरा होता. त्याची वाफ माझ्यापर्यंत आली. ज्या पिठासाठी कोणीतरी नांगर धरला, ज्या भट्टीसाठी कोणीतरी लाकूड फोडले, ते सगळे त्यांनी माझ्या बदल्यात देऊन टाकले. आणि का, तर उद्या दुसरे कोणी माझ्या बदल्यात त्यांना काही देईल म्हणून! विमाने हवेवर तरंगतात म्हणे. मला तर हे गाव त्याहून मोठ्या कशावर तरी तरंगताना दिसले. कशावर, ते पुष्कळ दिवस मला सांगता आले नाही. मी फक्त थक्क होऊन हातांहातांतून फिरत राहिले.

जून उजाडला. एके दुपारी मी नगराध्यक्षांच्या पत्नी, एलेओनोरे वेंडरिख, यांच्या टोपलीत होते. माझ्याबरोबर माझ्या सव्वादोनशे बहिणी होत्या. टोपलीवर साहेबांचा काळा कोट पसरलेला होता. आमची वरात निघाली ती थेट कोर्दुला ग्रेब्नर या शिवणाऱ्या बाईंच्या दारात थांबली.

कोर्दुलाबाई विधवा होत्या. घरात मुलगी लेने आणि लेनेची तान्ही मुलगी थेक्ला. लेने दिवसभर गिरणीत जाई, आजी खिडकीशी बसून शिवे आणि पायाने पाळणा हलवे.

"ग्रेब्नरबाई, साहेबांच्या कोटाचं अस्तर पार गेलंय," एलेओनोरेबाई म्हणाल्या. "नवं घाला."

"अस्तराला कापड कुठलं आणू, बाईसाहेब? युद्धापासून बाजारात फक्त ते कागद पिळून केलेल्या सुताचं मिळतं. पावसात भिजलं की लगदा होतो त्याचा."

एलेओनोरेबाईंनी टोपली पुढे सरकवली. "हे घ्या."

"अहो, हे तर पैसे!"

"कापड आहे की नाही? हात लावून बघा. असं कापड शंभर मार्काला तरी मिळेल का कुठे? इथे शंभर मार्काचेच शंभर मार्क, वर कापड फुकट."

"पण साहेब काय म्हणतील?"

"साहेब नोटांशिवाय दुसरं बोलतात काय हल्ली? जेवताना नोटा, झोपताना नोटा. घालू दे म्हटलं अंगावर. फक्त छापलेली बाजू आत घाला, दिसायला नको. आणि हे कोणाला..."

"बाईसाहेब, कपड्याच्या आतलं शिवणाऱ्या बाईने बाहेर बोलायचं नसतं."

कोर्दुलाबाईंनी दोनशे नोटांचे अस्तर शिवले. मजुरी म्हणून उरलेल्या नोटांतल्या काही त्यांना मिळाल्या, त्यांत मी होते. त्यांनी मला एका जुन्या निळ्या कॉफीच्या भांड्यात टाकले. आत इतरही नोटा होत्या. सगळ्या मिळून आम्ही चाळीस झालो, म्हणजे वीस मार्क. ते भांडे म्हणजे हिवाळ्याचा कोळसा होता. तेवढ्यात जेमतेम थंडी निघाली असती.

आता मित्रांनो, थेक्लाचे सांगितले पाहिजे. त्या वर्षी तान्ह्या मुलांनाही कागदी सुताच्या कापडातच गुंडाळत. मोठ्यांची कातडी ते सोसे, बाळाची कशी सोसणार? थेक्लाच्या छातीवर आणि काखांत लाल चट्टे उठले. मग ते फुटले, आणि त्यांतून पाणी येऊ लागले. ती दूध पीत नसे, झोपत नसे. नुसती ओरडे आणि ओरडून थकली की कण्हत पडे. सुईण बघून गेली.

"मलम लावून काय करणार, कोर्दुला? वरून पुन्हा तेच खरखरीत घालतेस. हिला खरं लिनन घाल, नाहीतर ही जखम आत जाईल. मग माझ्याकडे येऊ नकोस, पाद्रीबाबांकडे जा."

कोर्दुलाबाई उठल्या, कॉफीचे भांडे पालथे केले आणि आम्हा चाळीसजणींना कोमट पाण्यात भिजत घातले. खळ निघून गेली. शाई मात्र पक्की होती, ती हटली नाही. त्यांनी आम्हांला उन्हात वाळवले, चोळून मऊ केले आणि एकेक जोडत गेल्या.

संध्याकाळी लेने गिरणीतून आली तर पाळण्यात तिची मुलगी नोटांचे झबले घालून गाढ झोपलेली.

"आई, हा आपला कोळसा!"

"माहीत आहे मला."

"अगं, मग हिवाळ्यात काय करायचं?"

"हिवाळा आला की बघू. आधी हिला हिवाळ्यापर्यंत नेऊ."

मला त्यांनी डाव्या बाजूला, छातीवर बसवले होते. मी आयुष्यात दोन यंत्रे ऐकली होती, माग आणि छापखाना. दोन्ही घर हादरवणारी. पण त्या रात्री, त्या उबदार कातड्याच्या पलीकडून जे यंत्र चालताना मला जाणवले, त्याच्यापुढे ती दोन्ही खेळणी होती. अक्रोडाएवढे असेल जेमतेम. कोणी तेल घालत नव्हते, कोणी पट्टा फिरवत नव्हते, आणि ते थांबत नव्हते. मी श्वास रोखून ऐकत राहिले. आपण वाऱ्याला अडवण्यासाठी विणले गेलो, याचा मला पहिल्यांदाच विसर पडला.

आठवड्याभरात चट्टे सुकले. थेक्ला दूध पिऊ लागली. सुईण सांगायला नको तिथे सांगून आली. मग काय! गावातल्या बायांच्या डोक्यात उजेड पडला. नोटा भराभर बाजारातून नाहीशा होऊ लागल्या. कोणी दुपटी शिवली, कोणी उशांचे अभ्रे. श्ट्रोबेलबाईंनी तर पाव झाकायला एवढे मोठे फडके केले की त्याच्याखाली त्यांचे दुकानच गहाण पडल्यासारखे दिसे.

तिकडे नगरपालिकेत वेंडरिखसाहेब हात चोळत होते. "नोटा दिसत नाहीत! बघा, बघा! शौकिनांनी उचलल्या!" खरे म्हणजे शौकिनांची मोजकीच पत्रे आली होती, कापडाची नोट वहीत नीट चिकटत नाही अशी त्यांची तक्रार होती. पण ज्याला घंटा ऐकू येऊ लागलेली असते, त्याला पत्रे कुठली वाचायची? साहेबांनी घंटा ओतणाऱ्या कारखान्याला भाव विचारला, अक्षरांचा नमुना मागवला आणि ऑक्टोबरमध्ये नोटीस लावली. सगळ्या नोटा अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत तिजोरीत आणाव्यात. त्यानंतर त्यांना किंमत राहणार नाही. फाटकी किंवा कापलेली नोट घेतली जाणार नाही.

ती नोटीस कोर्दुलाबाईंनी दोनदा वाचली. झबले उसवावे, तर पोरीच्या अंगावर पुन्हा ते कागदी कापड. न उसवावे, तर कोळसा गेला. ओढ्याच्या कडेला तेव्हा बर्फाची पहिली किनार धरली होती.

सणाच्या दिवशी सकाळी त्यांनी थेक्लाला न उसवलेल्या झबल्यासह शालीत गुंडाळले आणि त्या तिजोरीच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे ही रांग! कोणाच्या काखेत अभ्रे, कोणाच्या हातात पडदे. वेंडरिखसाहेब काळा कोट घालून बाजूला उभे होते. एवढ्या बाया धुणे घेऊन इथे कशाला आल्या, याचे त्यांना कोडे पडले असावे.

खिडकीत खजिनदार नोटनागेल बसले होते. आडनावातच नोट असलेला हा माणूस वाळक्या पावासारखा कोरडा होता. नियमात असेल ते देणार, नसेल ते सख्ख्या आईला नाही.

"किती नोटा?"

"चाळीस."

"कुठे आहेत?"

कोर्दुलाबाईंनी शाल बाजूला केली. "या."

नोटनागेल यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "मला नोटा दिसतायत. आणि नोटांच्या आत एक मूल दिसतंय."

"मूल मोजू नका. नोटा मोजा."

"हा काय तमाशा आहे?" वेंडरिखसाहेब पुढे आले. "शिवलेल्या नोटा बाद! उसवा, इस्त्री करा आणि एकेक सुटी घेऊन या."

"उसवल्या तर ही काय घालेल, साहेब?"

"ते नगरपालिकेने बघायचं नसतं."

"आणि नाही उसवल्या, तर शेगडीत मी काय घालू?"

साहेबांची नजर रांगेवरून शेवटपर्यंत गेली, प्रत्येक काखोटीवर थांबत थांबत. सहा हजार मार्क कुठल्या वहीत जाऊन बसले आहेत, ते त्यांना तेव्हा कळले.

"नोटनागेल," ते घाईने म्हणाले, "बाद म्हणून सांगा."

"नोटिशीत फाटकी आणि कापलेली असं आहे. शिवलेलीबद्दल काही नाही," नोटनागेल म्हणाले. "आता मूळ वचन काय आहे ते पाहतो." ते खिडकीतून वाकले आणि नेमके माझ्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले, "'हे धारण करणाऱ्यास पन्नास फेनिग देणे लागते.' हे कोणी धारण केलं आहे?"

"थेक्लाने," कोर्दुलाबाई म्हणाल्या.

"मग पैसे तिलाच द्यावे लागतील. तुम्हांला नाही."

"दात न आलेल्या मुलीला?" साहेब ओरडले.

"नोटेवर दातांची अट नाही."

रांग खुदखुदली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "हा शब्दांचा खेळ झाला! अंगावर घालणारा धारक ठरला, तर उद्या कोणीही उठेल आणि पैसे अंगावर घालून गावभर मिरवत फिरेल!"

"कोणीही नाही, ओट्टोकार," रांगेच्या मधून आवाज आला. एलेओनोरेबाईंचा. "तूच फिरतोयस. जूनपासून. कोटाची बटणं सोड जरा."

साहेबांनी कोर्दुलाबाईंकडे पाहिले. त्या थेक्लाची टोपी नीट करत होत्या. कपड्याच्या आतले त्यांनी आजही बाहेर बोललेले नव्हते. साहेबांनी बटणे सोडली, अस्तराची एक शिवण उसवून आतली बाजू पाहिली. मनोरा. जवसाचे फूल. आणि ओळीने, एकाखाली एक, स्वतःच्याच लफ्फेदार सह्या.

असे हसू त्या इमारतीने कधी ऐकले नसेल. श्ट्रोबेलबाई तर खाली बसल्या. "अगं बाई, तरीच म्हटलं साहेबांचं वजन वाढलंय!"

नोटनागेल हसले नाहीत. "दोनशे असाव्यात. शंभर मार्क. धारक हजर आहे. साहेब, रांगेत उभे राहा."

मग हसू ओसरले, कारण आता सगळ्यांच्या लक्षात आले होते की प्रश्न हसण्याचा नाही. शिवलेल्या नोटा बाद झाल्या, तर घंटा येणार होती. बाद झाल्या नाहीत, तर घंटा गेली. तो शब्द एकट्या साहेबांच्या तोंडून यायचा होता. ते थेक्लाजवळ आले. कदाचित त्यांना शिवण नीट पाहायची असेल. त्यांनी एक बोट पुढे केले आणि माझ्यावर ठेवले, बरोबर त्यांच्या सहीवर.

बोट तिथेच थांबले. कारण सही हलत होती, मित्रांनो. तिच्याखाली ते अक्रोडाएवढे यंत्र चालले होते, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी 'ओट्टोकार वेंडरिख' ही अक्षरे वर येत होती, खाली जात होती, पुन्हा वर येत होती. साहेबांना दर तासाला एकदा वाजायचे होते. इथे त्यांचे नाव एकेका श्वासात कितीदा वाजत होते, ते त्यांनाही मोजता येईना. थेक्लाने ते बोट मुठीत धरले.

"द्या," साहेब म्हणाले. "सगळ्यांचे द्या."

त्या वर्षी सरकारने अॅल्युमिनियमची नवी नाणी काढली होती, पिसासारखी हलकी. नोटनागेल यांनी पहिले नाणे नियमाप्रमाणे थेक्लाच्या हातात दिले. तिने ते लगेच तोंडात घातले. बाकीची तिच्या वतीने आजीने घेतली. मग खजिनदारांनी शिक्का उचलला, 'चुकते' अक्षरांचा.

"झबलं काढा. शिक्का मारायचाय."

"काढलं तर ती धारक कुठली राहिली?" श्ट्रोबेलबाई मागून म्हणाल्या.

नोटनागेल विचारात पडले. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी आम्हा चाळीसजणींवर, पोरीच्या अंगावरच, एकेक करून शिक्का उमटवला. पोटावर शिक्का बसला तशी थेक्लाला गुदगुल्या झाल्या. ती खळखळून हसली, आणि मला वाटते तो वाळका माणूस पुढचे शिक्के जरा हळूहळू, मुद्दाम वेळ लावून मारत होता.

"आता या नोटा चलन म्हणून बाद," शेवटी ते म्हणाले. "झबलं म्हणून त्या बाद आहेत असं मला कुठल्याच नियमात सापडत नाही. पुढचे या."

अभ्रे आले, पडदे आले, पाव झाकायचे फडके आले. पडदे धारण कोण करते, यावर थोडा वाद झाला. श्ट्रोबेलबाईंनी पडदाच खांद्यावरून पांघरला आणि तो मिटवला. तिजोरीचा तळ दिसू लागला. मनोऱ्यावर घंटा नव्हती, म्हणून साहेबच खिशातले घड्याळ हातात धरून उभे होते. कोट त्यांच्या अंगावर होता. ते रांगेत आले नव्हते.

"साहेब, दोन मिनिटं उरली," नोटनागेल म्हणाले.

"मला पैसे नकोत. नुसता शिक्का मारून टाका."

"पैसे दिल्याशिवाय 'चुकते' म्हणता येत नाही."

"मग राहू दे," साहेब म्हणाले. बारा वाजले आणि खिडकी बंद झाली.

त्या हिवाळ्यात ग्रेब्नरांच्या शेगडीत कोळसा होता. थेक्ला जगली, मोठी झाली, टेकडीवर जवस उपटायला जाऊ लागली. माझ्या झबल्यात नंतर लेनेच्या भाचीचा, शेजारच्या जुळ्यांचा आणि श्ट्रोबेलबाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. पुढे पैशाचे दिवस फारच वाईट आले. लाखालाखाच्या कागदी नोटा लोकांनी चुलीत घातल्या. मला कोणी चुलीत घातले नाही, कारण मी तेव्हा कोणाच्या तरी अंगावर होते. मग मी ट्रंकेत गेले आणि विसरले गेले. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. कोणीतरी माझ्यावर मेणबत्ती सांडली. आता मी नगरपालिकेच्या बोळात काचेच्या कपाटात आहे. मुले येतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, "हे खेळण्यातले पैसे आहेत का?"

नाहीत, मित्रांनो. तुमच्या अंगावरच्या सदऱ्याला आज घरी जाऊन एकदा बोटांनी चोळून पाहा. त्याच्यामागे कुठल्यातरी टेकडीचे ऊन आहे आणि कोणाच्या तरी पाठीचा घाम आहे. तो फेकून देण्याआधी त्याला दुसरे काही होता येईल का, ते पाहा. आणि कधी कोणाला लेखी काही कबूल केलेत, तर शब्द लहान असो की मोठा, त्याला जागा. ते गाव कशावर तरंगत होते, हे मला एवढ्या वर्षांनी सांगता येते. ते त्या एका शब्दावर तरंगत होते.

आता शेवटची बेरीज. शौकिनांच्या वह्यांत राहिलेल्या नोटांचे मिळून तिजोरीला तीनशे मार्क सुटले. वेंडरिखसाहेबांच्या कोटाचे शंभर. या चारशेत घंटा येणे शक्यच नव्हते. मनोऱ्यावर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला, त्याला एक हातोडा आणि एक लांब दोर आणला, आणि बरीच वर्षे गावात दर तासाला तो रूळ वाजला. चर्चचे तीन हजार पेटीतच राहिले. गावाने प्रत्येकाचे देणे दिले, आणि ज्यांचे घेणे होते त्या सगळ्यांच्या नोटांवर शिक्का बसला.

फक्त एका माणसाने स्वतःची किंमत मोजली आणि परत काही घेतले नाही. तो काळा कोट साहेबांनी पुढे कधी बदलला नाही. तो घालूनच त्यांना मनोऱ्याखाली पुरले. बाराचा ठोका टळला म्हणून त्या नोटा बाद झाल्या, असे नोटीस म्हणते. पण त्या दोनशे नोटांवर 'चुकते' असा शिक्का नाही, आणि त्यांच्या पोटावर लोबेश यांचा तो छोटा शब्द अजून तसाच आहे. त्या शब्दाच्या हिशेबाने हेल्मस्बाख अजूनही शंभर मार्क देणे लागते, धारण करणाऱ्यास.